वेढ्यातले खरेदीखत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बहुतेक मराठी आणि कोकणी मंडळ्यांत रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या वाचल्या जातात. यादी साधारण ठरलेली असते. कुणाची शस्त्रक्रिया आहे, कुणाच्या मुलाला गोव्यात नोकरी लागेना, कुणाचा ऊस गेला पण बिल आले नाही, कुणाच्या घरी संघाच्या, म्हणजे बायकांच्या गटकर्जाच्या, हप्त्यावरून रोज भांडण. त्यापाठोपाठ मणिपूर, युक्रेन, गाझा. पाळक सगळे देवापुढे ठेवतात, मंडळी 'आमेन' म्हणते, आणि तो कागद गीतांच्या पुस्तकात तसाच राहतो. पुढच्या रविवारी त्यातली निम्मी नावे पुन्हा वाचली जातात.

त्या कागदाचे सोमवारी काय होते, यावरून त्या मंडळीत ख्रिस्ती आशा आहे की नाही ते ओळखावे, असे आमचे मत आहे. गाणी किती भरून म्हटली, उपदेश किती रंगला, यावरून ते ओळखता येत नाही.

निराशा म्हटले की रडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडची निराशा बहुधा रडत नाही. ती वेळेवर कामाला जाते, चर्चला येते, सणाला करंज्या करते आणि कुठलाही विषय निघाला की म्हणते, 'आपल्या हातात काय आहे?' तिच्यासमोर उभी असते ती उत्साही बाजू. तिला सगळे सोपे वाटते: देव आहे ना, तो बघून घेईल. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आशेच्या चार अटी सांगितल्या. हवी ती गोष्ट चांगली असावी, अजून व्हायची असावी, मिळायला कठीण असावी आणि तरी शक्य असावी. यातली शेवटची अट काढली की निराशा उरते. 'कठीण' ही अट काढली की देवाला गृहीत धरणे उरते. अक्वायनसने दोन्हींना आशेविरुद्धची पापे म्हटले आहे, आणि व्यवहारात दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो: हात रिकामे राहतात. आपल्या मंडळ्यांत पहिल्या पापावर पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्यावर जवळजवळ कुणी बोलत नाही.

मग खरी आशा दिसते कशी? पवित्र शास्त्रातले तिचे सगळ्यांत नेमके चित्र एका जमिनीच्या व्यवहारात आहे. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे. नगर पडणार, असे खुद्द यिर्मयानेच सांगितले आहे आणि त्याबद्दल तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातले माझे शेत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेपासून चार-पाच किलोमीटरवर. भोवतालचा सगळा मुलूख शत्रूच्या ताब्यात. त्या दिवशी बाजारात त्या शेताला कवडीही आली नसती. यिर्मया सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर दोनशे ग्रॅमच्या आतच. खत लिहितो, मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. खताच्या दोन प्रती होतात, एक मोहरबंद आणि एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन तो सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरे, शेते, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हा त्या व्यवहाराचा अर्थ.

यातला क्रम आपण नीट वाचत नाही. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि ती प्रार्थना काही विजयगीत नाही. तीत त्याची शंका स्पष्ट आहे: नगर तर शत्रूच्या हाती चालले आहे, आणि तू मला सांगतोस की पैसे देऊन शेत घे? पैसे मोजून झाल्यावर हा प्रश्न विचारला आहे. शंका फिटेपर्यंत थांबला असता तर खत झालेच नसते. ('उद्या जग बुडणार असले तरी आज मी सफरचंदाचे रोप लावीन' हे वाक्य मार्टिन ल्यूथरच्या नावाने फोनवर फिरत असते. ते त्याच्या लिखाणात सापडत नाही. यिर्मयाच्या खताची हकीकत मात्र साक्षीदारांसकट लिहिलेली आहे.)

याच पुस्तकात चार अध्याय आधी हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो मंदिरात सर्वांदेखत सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, नेलेली पात्रे परत येतील, बंदिवान घरी येतील. यिर्मयाचे पहिले उत्तर आहे, 'आमेन, परमेश्वर तसे करो.' त्यालाही तेच हवे होते. पण तो बाबेलातल्या लोकांना पत्र लिहितो तेव्हा मुदत सांगतो सत्तर वर्षांची. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ कुणीच परत जाणार नव्हते. त्यांना त्याने सांगितले: घरे बांधा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी झटा.

सीमाभागातल्या मराठी माणसाला हे वाचताना कुणी समजावून सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मधल्या प्रत्येक निवडणुकीत एखादा हनन्या उभा राहिला आणि त्याने दोन वर्षांची मुदत दिली. १९५६ पासून सत्तर वर्षे होत आली म्हणून यिर्मयाच्या आकड्याशी त्याची सांगड घालणारेही भेटतील. त्यांच्यापासून चार हात दूर राहावे. आकड्यांचा तो खेळ हनन्याचाच आहे. घेण्यासारख्या आहेत त्या दोन प्रती. मोहरबंद प्रत म्हणजे हक्काचा दावा. तो सोडायचा नाही, जपून ठेवायचा. उघडी प्रत रोज वाचायची, वापरायची, तिच्यावर जगायचे. निकाल लागेपर्यंत जगणे तहकूब ठेवण्याची सवय आपल्या दोन पिढ्यांना लागली, आणि ती सवय चर्चमध्येही शिरली. तिथे 'निकाल' या शब्दाच्या जागी 'प्रभूचे येणे' एवढाच बदल झाला.

भाषेचेच बघा. शेताची पहाणी (जमिनीचा उतारा), पंचायतीची नोटीस, रेशनकार्डाचा अर्ज, भूसंपादनाचे पत्र हे सगळे कन्नडात येते. मराठीत कागद मिळावा ही मागणी रास्त आहे आणि ती चालूच ठेवावी. पण आलेल्या नोटिशीवरची तारीख कुणासाठी थांबत नाही. मंडळीत कन्नड वाचता-लिहिता येणारा एक तरी तरुण किंवा तरुणी असतेच. शनिवारी संध्याकाळी दोन तास चर्चच्या व्हरांड्यात टेबल मांडून तिने आलेले कागद वाचून द्यावेत, शेवटची तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत वर लिहून द्यावी आणि वहीत नोंद ठेवावी. टेबल फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नसावे. दुसरीकडे, इंग्रजी किंवा कन्नड माध्यमातली मुले घरी मराठी बोलतात पण मराठी शास्त्र वाचताना जोडाक्षरांवर अडखळतात. रविवारच्या शाळेआधी अर्धा तास, पाच-सहा मुलांचा गट, एक स्तोत्र मोठ्याने, प्रत्येकाने चार ओळी: एवढ्याने वर्षभरात फरक पडतो. पंचवीस मुले एकत्र बसवून एका सुरात वाचून घेतले तर पडत नाही, कारण मागची मुले नुसती तोंडे हलवतात. पहिल्या कामाला काही जण फितुरी म्हणतील, दुसऱ्याला काही जण हट्ट म्हणतील. दोन्ही आरोप एकाच आठवड्यात आले तर काम बरे चालले आहे असे समजायला हरकत नाही.

देवाला गृहीत धरण्याचे पाप सगळ्यांत जास्त नुकसान करते ते आजारात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. नेमका घोटाळा होतो तो दुसऱ्या महिन्याच्या आसपास. खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते. त्याच सुमारास कुठल्या तरी चंगाईच्या सभेत रोग्याच्या डोक्यावर हात ठेवलेला असतो. तो माणूस उभा राहून साक्ष देतो आणि गोळ्या बंद करतो. शरीरात उरलेले जंतू मेलेले नसतात. रोग परततो तेव्हा नेहमीची औषधे लागू पडतीलच असे नाही, उपचार अधिक कडक आणि त्रासाचा होतो, आणि तोवर घरातल्या लहान मुलांना संसर्ग झालेला असू शकतो. साक्ष जरूर द्यावी, पण सहा महिने पुरे झाल्यावर, थुंकीचा अहवाल हातात घेऊन. तोवर पाळकांनी किंवा कुणा वडीलधाऱ्याने उपचाराचा सोबती व्हावे: गोळ्या रोज घेतल्या का ते बघणे, उलटी किंवा डोळे पिवळे झाल्यास त्याच दिवशी दवाखान्यात नेणे, पोषणासाठी सरकारकडून मिळणारे महिना १,००० रुपये खात्यात येतात का ते तपासणे. पैसे अडकतात ते बहुधा बँक खात्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून. हे बँकेत एक फेरी मारून सुटणारे काम आहे, पण अशक्त रोग्याकडून ती फेरी होत नाही.

मिरजेचा दवाखाना डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केला, तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसांना ते नाव घरचे आहे. तिथे प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली होत. मुंबई इलाख्यात आणि मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना केडगावला घेऊन आल्या. पुढच्या काही वर्षांत तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेवढ्या तोंडांना धान्य लागते, विहिरी लागतात, शिवण, विणकाम, छपाई असे हाताला काम लागते, आणि हे सगळे रमाबाईंनी उभे केले. मराठी ख्रिस्ती परंपरेची आशा ही अशी हिशेबाच्या वहीतून चालत आलेली आहे. तिचे वारसदार म्हणवून घेणाऱ्यांनी ती वही उघडायची तयारी ठेवावी.

आज ती वही सगळ्यांत आधी उघडावी लागते ती कर्जासाठी.

संघाचे कर्ज म्हणजे लहान वित्तसंस्थांनी बायकांच्या गटाला दिलेले, आठवड्याला किंवा पंधरवड्याला फेडायचे विनातारण कर्ज. वसुलीच्या जाचाने माणसे घरे सोडून गेली, काहींनी जीव दिले, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. बेळगाव जिल्हाही या जाचातून सुटला नव्हता. मंडळीतल्या किती घरांत असे कर्ज आहे ते पाळकांना बहुधा ठाऊक नसते, कारण विनंतीच्या कागदावर ते 'घरात शांती असावी' असे लिहिलेले असते.

अशी बाई आली तर पहिले काम हिशेबाचे. प्रत्येक संघाचे कर्जकार्ड मागून घ्यावे आणि एका कागदावर सहा रकाने आखावे: संस्था, मूळ रक्कम, हप्ता, हप्त्याचा वार, किती हप्ते उरले, शेवटची नोंद कधीची. समजा तीन कर्जे आहेत, आठवड्याला ८५०, ९२० आणि १,१०० रुपये. एकूण २,८७०. महिन्यात चार आठवडे धरण्याची चूक बहुतेक जण करतात. वर्षाचे ५२ आठवडे बारांत वाटले की महिन्याला सुमारे १२,४०० येतात. घराची मिळकत १८,००० असेल तर दोन तृतीयांशाहून जास्त पैसा हप्त्यात जातो. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. इथे ९,००० ला रेघ ओढली जायला हवी होती. म्हणजे शेवटचे कर्ज देणाऱ्याने मिळकत नीट तपासली नाही, किंवा फॉर्मवर ती फुगवून लिहिली गेली. ही गोष्ट लेखी विचारण्यासारखी आहे.

दुसरे, वसुलीचे नियम मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण ते माहीत झाल्यानेच अर्धी भीती जाते. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा. बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आली नाही तरच घरी यायचे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे मना आहे. कर्जकार्ड आणि अटींचा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिला पाहिजे. सीमाभागातली मराठी बाई तो मराठीत मागू शकते, आणि तिने मागावा. तक्रार आधी संस्थेकडे लेखी करावी, पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट. चौकशीचा क्रमांक १४४४८.

तिसरे, हप्ता चुकण्याआधी संस्थेच्या शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी. चुकल्यावर मागितली तरी मिळू शकते, पण तोवर पत घसरलेली असते. जुने कर्ज बंद करण्यासाठी नवे मोठे कर्ज घ्या असे तिथे सुचवले जाईल. ते घेण्याआधी हातात प्रत्यक्ष किती येणार ते विचारावे, कारण विमा आणि प्रक्रिया शुल्क आधीच कापले जाते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागते. रोख दिलेला प्रत्येक हप्ता कार्डावर तिथल्या तिथे लिहून घ्यावा. 'उद्या लिहितो' म्हणणाऱ्याला पैसेही उद्याच द्यावेत.

मदत करणाऱ्यांच्या हातून काय बिघडते, तेही लिहून ठेवले पाहिजे. मंडळी भावनेच्या भरात दानपेटीतून एक संघ फेडते. तीन महिन्यांत त्या जागी दुसरा उभा राहतो, कारण मिळकत आणि हप्ता यांतली दरी तशीच असते. पाळक जामीन राहतात आणि मग पाळकांच्याच घरी वसुलीचे लोक येतात. कुणी तरी सांगतो की आता कायदा आला, फेडायची गरज नाही. नोंदणीकृत संस्थेचे कर्ज त्या कायद्याने माफ झालेले नाही, आणि हा सल्ला ऐकणारी बाई आणखी खोल जाते. सगळ्यांत वाईट म्हणजे रविवारी व्यासपीठावरून नाव घेऊन प्रार्थना होते. सोमवारी गल्लीभर कळते. आणि एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: गटाच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर येतो, म्हणून दारात बसून भांडणाऱ्या बायका अनेकदा तिच्याच शेजारणी असतात. म्हणजे नुसत्या त्या बाईशी बोलून भागत नाही. गटातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हिशेब मांडावा लागतो. त्यांत लिंगायत असतील, मराठा असतील, मुसलमान असतील. नगराच्या भल्यासाठी झटा, हे वाक्य इथे लागू होते.

याच घरात कधी कुणी म्हणते, 'माझ्यामुळेच सगळे अडचणीत आले, मी नसते तर बरे झाले असते.' हे ऐकून विषय बदलू नये आणि 'आत्महत्या पाप आहे' असे सांगायची घाईही करू नये. त्याने माणूस फक्त गप्प होतो. सरळ विचारावे, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्या रात्री माणसाला एकटे ठेवू नये. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचे औषध असतेच. ते त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवावे, कारण टोकाचा आवेग अनेकदा थोडाच वेळ टिकतो आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे हेच जीव वाचवते. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र, मराठीत आणि कन्नडातही, बोलता येते. दुसऱ्या दिवशी दवाखाना. प्रार्थना या सगळ्यात सोबत असावी. यांतल्या कशाच्याही बदल्यात नसावी.

भीतीबद्दल थोडक्यात. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झाले ते बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे, बदलवणाऱ्यानेही, आणि सक्ती किंवा आमिष नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, अशी त्याची रचना. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचे ठरवले. पण कायदा असो वा नसो, घरगुती प्रार्थनासभेवर संशय घेणारे शेजारी असतातच, आणि त्याला उत्तर म्हणून दारे-खिडक्या लावून बसणे हे निराशेचेच रूप आहे. दार उघडे ठेवावे. वर्गणी आणि खर्चाची वही कुणी मागितली तर दाखवता येईल अशी ठेवावी. धान्यवाटप आणि प्रार्थनासभा एकाच वेळी, एकाच जागी कधीही करू नये, म्हणजे आमिषाचा आरोप करायला जागा उरत नाही आणि खरे सांगायचे तर घेणाऱ्याची लाजही राखली जाते. अडवणूक झालीच तर घोळक्याने वाद न घालता तारीख, वेळ, काय बोलले गेले ते त्याच दिवशी लिहून वकिलाला दाखवावे.

पावसाळ्याचे काम मे महिन्यात करायचे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा एकाच आठवड्यात चढल्या तेव्हा नदीकाठच्या गावांत शाळा आणि समाजमंदिरे माणसांनी भरली. उंचावर चर्चची इमारत असेल तर तिची क्षमता आधी मोजावी. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा लागते. दहा मीटर बाय वीस मीटरच्या सभागृहात त्या हिशेबाने ५७ माणसे मावतात, दोनशे नव्हेत. वीस माणसांमागे एक संडास आणि माणशी रोज १५ लिटर पाणी, असे धरले की काय कमी पडणार ते उन्हाळ्यातच दिसते. बहुतेक ठिकाणी संडासच कमी पडतात. पूर ओसरल्यावर विहिरीत ब्लीचिंग पावडर मुठीने टाकली जाते. चांगल्या पावडरीचे प्रमाण स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम: तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८,००० लिटर, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. गढूळ पाण्याला बरीच जास्त लागते, म्हणून तासाभराने तपासणी संचाने क्लोरीन उरले आहे का ते बघावे. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम हवे. उघड्या पोत्यातली गेल्या वर्षीची पावडर कुचकामी असते. पडक्या घराचा चिखल काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. २०१९ साली घरांची ए, बी, सी अशी वर्गवारी झाली आणि पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांची मदत ठरली. कुठला वर्ग लागला यावरून पुढे भांडणे झाली, तेव्हा ज्यांच्याकडे फोटो नव्हते त्यांच्याजवळ फक्त शब्द होता.

या सगळ्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: ही समाजसेवा झाली, यात विश्वास कुठे आहे? सगळे आपणच करायचे तर देवाने काय करायचे? प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय त्यांनी पुन्हा वाचावा. तारवात २७६ माणसे आहेत, चौदा दिवस वादळ आहे, आणि एकही जीव जाणार नाही असे देवदूताने, कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या प्रेषित पौलाला, स्पष्ट सांगितलेले आहे. एवढे वचन हाती असताना खलाशी होडी सोडून गुपचूप पळू लागतात तेव्हा पौल शताधिपतीला म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मग तो सगळ्यांना जेवायला लावतो आणि उरलेला गहू समुद्रात टाकला जातो. वचन होते म्हणून खलाशी नकोत, असे त्याला एकदाही वाटले नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कर्नाटकात ख्रिस्ती लोक १.८७ टक्के, आपल्या जिल्ह्यात तर मूठभर. मणिपूर आणि गाझाचे आपण काय करणार? फार काही नाही, हे मान्य करावे. अंत्युखियाच्या शिष्यांना दुष्काळाची खबर लागली तेव्हा त्यांनी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदियातल्या बंधूंना मदत पाठवायचे ठरवले, आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती धाडली. एक संकट, एक ठिकाण, नेणारी दोन नावे. रोज पन्नास दुःखे फोनवर पाहून 'प्रभू दया कर' असे पुढे धाडणारी मंडळी शेवटी कशालाच उत्तर देत नाही. मन मात्र थकते. वर्षाला दूरचे एक ठिकाण निवडावे, तिथे काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधावी, पावती घ्यावी आणि फळ्यावर लावावी.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न वार्षिक सभेत निघेलच. चर्चचा खर्च समोर मांडला की ध्वनियंत्रणा, मंडप, मोठे फलक आणि पाहुण्या वक्त्यांचा प्रवास यांवर किती गेले ते सगळ्यांना दिसते. त्यातला दहावा हिस्सा शनिवारचे टेबल, क्षयरोग्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या आणि मे महिन्यातली तयारी यांना पुरून उरतो. विरोध होईल, फलकावर ज्यांचा फोटो यायचा होता त्यांचा जास्त होईल. पैसा ठरला की प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव लिहावे, 'तरुण संघ' किंवा 'महिला मंडळ' असे नाही, आणि पहिला हिशेब कुठल्या तारखेला मांडायचा तेही त्याच इतिवृत्तात नोंदवावे.